उजव्या कोपऱ्यातलं नाव

पहिलं मिळालं मिरजेत, रद्दीवाल्याकडे.
मिशन हॉस्पिटलच्या कुण्या गोऱ्या डॉक्टरची ट्रंक
पत्र्याच्या भावात विकली गेली, तिच्या तळाशी.
मी किलोवर मागितलं.
तो म्हणाला, "शिकलगार, चित्राला काटा वेगळा."
चाळीस रुपये.
अक्षराला दहा पैसे घ्यायचो तेव्हा.
चारशे अक्षरं दिली मी त्या कागदाला.

कुठल्याशा राजवाड्याचं छत होतं.
सूर्याचा रथ, चार घोडे, पायघोळ ढग,
ढगांवर उघड्यावाघड्या बाया.
जैबुन म्हणाली, हे घरात नको.
म्हटलं, बाया नको बघूस, ढग बघ.
कुठंच रंग नाही, नुसत्या रेघा.
जवळ आल्या की सावली,
लांब सरकल्या की ऊन.

मारुती रोडला भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर
माझी हातोडी, माझी छिन्नी.
"चि. सौ. कां. सुनंदा हिस मामाकडून."
"कै. भूपाल मगदूम यांचे स्मरणार्थ."
म्हणून हात ओळखला मी.
रेघ निघताना केसाएवढी,
पोटात फुगलेली, शेवटी पुन्हा केस.
हा दाब बोटांचा नसतो.
तळहाताच्या मऊ मांसातून येतो तो,
जिथं माझ्याही हाताला घट्टा आहे.

कॉलेजचे वणकुद्रे सर डब्यावर नाव घालायला आले,
तेव्हा त्यांच्याकडून वाचून घेतलं.
मधे ठळक, पदव्यांसकट, राजवाड्याचा मालक.
डाव्या कोपऱ्यात, छत रंगवणारा.
आणि उजव्या कोपऱ्यात,
वाटीच्या काठाला बसतील एवढ्या अक्षरांत,
तांब्यावर कोरणारा.
"राजवाडा जळाला," सर म्हणाले, "दोनशे वर्षं झाली.
घोड्यांचा रंग आता कुणालाच ठाऊक नाही."
मी म्हटलं, "सर, घोडे डावीकडं धावत नव्हते.
छापताना उलटतं. मी पतपेढीचा शिक्का कोरलाय."
सर बराच वेळ चित्राकडं बघत राहिले.
डबा पायरीवरच विसरून गेले.

मग नादच लागला.
एक कोल्हापुरात, फ्रेमवाल्याकडं,
दत्ताच्या फोटोमागं पाठ म्हणून लावलेलं.
एक गणपती पेठेतल्या शेटजींचं,
त्यांच्या लेकीच्या सगळ्या भांड्यांवर फुकट नावं घातली, त्याबदली.
एकाला निम्माच घोडा.
तीस वर्षांत अकरा.

एकोणीसच्या ऑगस्टात कृष्णा दुकानात आली, घरात आली,
माळ्यापर्यंत आली.
आम्ही विट्याला साडूकडं.
आठव्या दिवशी दार ढकललं तर
पासबुकांचा लगदा,
लग्नाच्या फोटोतून आम्ही दोघं पुसलेलो.
ट्रंकेत चिखल, चिखलात अकरा कागद.
जुना कागद चिंध्यांचा असतो, लुगड्याच्या जातीचा,
भिजतो, पण विरत नाही.
शाई तेलातली. एक रेघ हलली नव्हती.

जैबुननं परात घेतली, पाणी बदलत राहिली.
अंगठ्यानं, हळूहळू,
त्या बायांच्या तोंडावरचा गाळ काढला,
गुडघ्यावरचा, पोटावरचा.
काही बोलली नाही.
ओढणीशेजारी दोरीवर चिमटे लावले.

सांगलीवाडीच्या शाळेत तेव्हा
वाहून आलेल्या भांड्यांचा ढीग होता.
लोक पातेली पालथी करून वाचत होते.
"ही आमची, सुनंदाची."
"हे मगदुमांचं."
कुणी कळशी उराशी धरली.
अक्षरं कुणाची, हे कुणी विचारलं नाही.
मीही सर येईपर्यंत
कुठं विचारलं होतं?

आता मशीननं घालतात नावं, भुर्रकन.
लोक नुसती आद्याक्षरं सांगतात.

अकराव्या चित्राचा उजवा कोपरा उंदरांनी खाल्लेला,
मी घेतलं तेव्हापासून.
राजवाडा निराळा, देव निराळे.
सर म्हणायचे, कोरणारा आता कळणं नाही.
काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं,
पहिलं आणि अकरावं शेजारी ठेवली.
ढगाची खालची कड.
रेघ केसासारखी निघते, पोटात फुगते,
आणि संपायच्या जरा आधी
डावीकडं कलते, उगाच.

तोच की रे तू.