पाच हजार अक्षरांत

पाच हजार अक्षरं. रिकाम्या जागा धरून.
म्हणजे गप्प बसलेलंही मोजलं जातं,
एवढं तरी बरं.

ॲम्ब्युलन्स ठाण्याच्या मागच्या खोलीत हीटर खोकतोय.
बाहेर उणे एकवीस,
आणि हार्लोच्या धान्यकोठारावरचा एकुलता दिवा
बर्फावर पिवळा डाग पाडून उभा.
फॉर्म विचारतो:
तुम्हाला फिजिशियन असिस्टंट का व्हायचंय?

मागल्या वर्षी लिहिलं होतं, "लहानपणापासून".
खोटं होतं. लहानपणापासून मला ट्रक चालवायचा होता,
वडिलांसारखा, काठोकाठ शुगरबीट भरलेला.
आणि एकोणिसाव्या वर्षी रसायनशास्त्रात मिळालेला 'सी'
अजून माझ्या नावाला चिकटून आहे,
सोडलेल्या नवऱ्याच्या आडनावासारखा.
तो विषय पुन्हा केला, रात्रपाळ्यांच्या फटींतून,
हातमोज्यांच्या खोक्यांवर बेन्झिनचे षटकोन काढत.
या खेपेला 'ए'.
दोन्ही दिसतात. दोन्हींची सरासरी काढतात.

रुग्णसेवेचे तास: चार हजार एकशे बारा.
यात ती अकरा मिनिटं धरायची का,
विलार्ड ट्वेटनच्या स्वयंपाकघरात
त्याची बायको कोट शोधेपर्यंत आम्ही थांबलो ती?
तिला निळाच कोट हवा होता.

शिफारसपत्र वेंडल ऑस्टबीनं दिलं.
आठवड्यातून दोनदा तो आमच्याकडे दवाखाना उघडतो;
डॉक्टर नव्वद मैलांवर, बिस्मार्कला.
गाव त्यालाच डॉक्टर म्हणतं,
तो दर वेळी "असिस्टंट" अशी दुरुस्ती करतो
आणि टाके घालतो.
सत्तरीला टेकलाय. गुडघा दाबत खुर्चीतून उठतो.
पाकीट बंद करताना म्हणाला, "जरा लवकर ये."
आत काय लिहिलंय ते मी बघायचं नाही, असा नियम आहे.

खरं कारण पहिल्या मसुद्यात होतं.
विलार्ड, गाडीत, माझं मनगट धरून:
"मला होतंय काय, ते सांग."
मॉनिटरवरची रेघ मला वाचता येत होती,
परक्या मुलखातली पाटी वाचावी तेवढीच;
धोका आहे हे कळतं, कसला ते नाही.
मी म्हटलं, "पोचतोच आहोत आपण."
अजून बासष्ट मैल होते.
त्याला तो रस्ता पाठ होता. चाळीस हिवाळे
काउंटीचा बर्फनांगर त्यानंच त्यावरून चालवला होता.
त्यानं मनगट सोडलं नाही.
पुन्हा विचारलंही नाही.

आधी त्याचं नाव काढलं. गोपनीयता.
मग निळा कोट. मग नांगर, सगळे हिवाळे.
मग "मला ठाऊक नव्हतं" हे वाक्य;
कॉलेजातली सल्लागार म्हणाली, यानं बाजू लंगडी पडते.
विलार्डचा झाला "एक वयस्कर रुग्ण".
आता बसतं. चार हजार नऊशे अठ्ठ्याण्णव.
दोन अक्षरं उरली.
दोनात विलार्ड मावत नाही.

फी इंग्रिडनं भरली, तिच्या कार्डावरून.
धाकटी असून दटावते: तिसऱ्यांदा नाही म्हणाले
तर चौथ्यांदाही मीच भरणार, आणि तू
माझ्या अंगणातला बर्फ उपसणार, मार्चपर्यंत.

पेजर वाजला.
काउंटी रोड अकरा, घसरून पडणं, बाई, एक्याऐंशी.
एक पाय बुटात, दुसरा मोज्यात,
मी "सादर करा" दाबलं.
पडद्यावर चक्र फिरत राहिलं.
ते थांबलं की नाही, पाहिलं नाही.

ड्यूईनं गाडी आधीच गरम करून ठेवलेली.
"गेला का अर्ज?"
माहीत नाही, म्हटलं.
त्यानं मान डोलावली, गाडी मागे घेतली,
आणि मी ऑक्सिजनचा काटा तपासला,
मग पुन्हा एकदा तपासला.