किमान शंभर शब्द

घोडं अडलं ते तिसऱ्या पानावर.
पहिली दोन सोपी गेली: गावाचं नाव, समितीचं नाव,
गावप्रमुखाचं पत्र, शिक्क्यासकट.
खाणीच्या हॉस्टेलात मी बाकीच्यांची पत्रं लिहायचो,
पैसे पाठवतोय, तब्येत बरी आहे, अशी.
म्हणून समितीने पेन माझ्या हाती दिलं.
पैसे मागायचं पत्र मी कधी लिहिलं नव्हतं.

समस्या थोडक्यात सांगा.
मी लिहिलं, नदी.
मालिनेओ म्हणाली, खोड ते.
नदी आपल्या आधीची आहे, तिचं काय चुकलं?
कळा अलीकडे येतात आणि नर्स पलीकडे बसते,
हे लिही.

लाभार्थी किती?
चारशे बारा. मग वाद.
खाणीवरून डिसेंबरात येणारे धरायचे का?
पोटातली धरायची का?
म्हातारा मोखेले म्हणाला, मेंढ्या धरा,
त्या माझ्यापेक्षा जास्त वेळा नदी ओलांडतात.
दफनभूमीही पलीकडेच आहे.
तिथल्यांबद्दल कुणी काही बोललं नाही.

तीन दुकानांची दरपत्रकं जोडा.
सिमेंटचं दुकान एकच.
दुकानदाराने आपला दर दिला,
मेव्हण्याच्या नावाने दुसरा काढला,
तिसरं नाव सुचेना तेव्हा म्हणाला, कुत्र्याचं चालेल?
आम्ही हसलो, आणि नको म्हणालो.
‘दुकान एकच आहे’ असं कागदावर लिहून
खाली तेवीस जणांनी सह्या केल्या.
त्यात चार अंगठे.

गावाचा वाटा पंचवीस टक्के, रोख किंवा श्रम.
रोख नव्हती. म्हणून दगड.
डोक्यावरून आणलेल्या दगडाला किती लावायचे?
मालिनेओ म्हणाली, मी आणला तर चार मालोटी,
तू आणलास तर एक. तू वाटेत तीनदा बसतोस.
माझी फुप्फुसं खाणीतच राहिली, हे तिला ठाऊक आहे.
म्हणूनच बोलते. बाकीचे नजर वळवतात.
शेवटी सरसकट दोन ठरले.
दोन हजार शंभर दगड.
मी गुणाकार केला, मग पुन्हा केला.
आमच्या दगडांपुढे आकडा आलेला
मी पहिल्यांदाच बघत होतो.

मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच, त्यांच्या घड्याळाने.
रेंज पलीकडच्या टेकडीवर.
पाणी घोड्याच्या पोटाला लागत होतं,
फोन पिशवीत, पिशवी टोपीत, टोपी दातांत.
रेत्सेलिसित्सोएच्या पाठीला मी गच्च धरलेलं.
पुलाचा अर्ज पाठवायला नदी ओलांडावी लागते,
याला फॉर्मवर रकाना नव्हता.

शेवटचा प्रश्न:
निधी संपल्यावर प्रकल्पाचं काय होईल?
मी टाइप केलं, पूल राहील.
चौकट लाल झाली. किमान शंभर शब्द.
चार वाजून वीस मिनिटं. बॅटरी अकरा टक्के.

मग मी हॉस्टेलातल्यासारखा एका दमात लिहीत सुटलो.
की राहील, कारण त्याखालचे दगड आम्ही तोंडओळखीने ओळखू,
हा शाळेमागचा, हा मालिनेओच्या खळ्यातला,
हा उचलताना मोएकेत्सीचं बोट चिरडलं तो.
की दरवर्षी पाणी उतरलं की खाली जाऊन
घोड्याचे दात बघावेत तसे सांधे बघू.
की ज्याच्या पायाखाली फळी हलेल
त्यानेच खिळा आणायचा, असं ठरलंय.
(ठरलं नव्हतं. मी तिथेच ठरवलं.)
शब्द मोजले. अठ्ठ्याण्णव.
रेत्सेलिसित्सोए म्हणाला, आभार मान ना.
रेआ लेबोहा.
आमच्या भाषेत त्याचे दोनच शब्द होतात.

उत्तराला बारा आठवडे लागतील म्हणे.
हा सातवा.
काठावर दगडांची रास गुडघ्याच्या वर गेली आहे,
आणा असं कुणी म्हटलेलं नाही.
काल मीही एक नेऊन टाकला.
तीनदा बसलो.
दोन मालोटी.