दुपट्ट्याखालचा भाव

बैलाचा सौदा दुपट्ट्याखाली होते.
वरून दोघंही आभायाकडे पाह्यतेत,
खाली बोटं बोलतेत.
एक बोट दाबलं का हजार,
पेर दाबलं का शंभर,
अन् तयहातावर नख फिरवलं का
ऱ्हाऊ द्या, जमत नाही.

आमचे हे तीस वर्षं दलाल होते मंगयवारच्या बाजारात.
गालात खर्रा, जिभेवर गिऱ्हाईक.
मेला बैल उभा करन हा उकंडराव, लोक म्हनत.
आता अर्धा जबडा नागपूरले राह्यला.
घरी आले ते दोन डोये
अन् राग. लाथेसरशी तांब्या अंगनात.

सुया लावाच्या हॉलात तिघं शेजारी.
डोमाजी कुमरे, पांढरकवड्याकडचा,
नाकात नयी घालाले आल्या नर्सले म्हने,
"मोटरपंप लावून द्या बाई, वावर सुकून राह्यलं."
सारा हॉल हासे.
रात्री वऱ्हांड्यात तोच डोमाजी
दुपट्टा दातात धरून रडे.
मी आयकलं. कोनाले नाही सांगतलं.

अंगनवाडीच्या जोत्स्नाबाई निंबेकर वही ठेवत.
गोई किती वाजता, उलटी किती वेया,
पोयी अर्धी का पाव.
"लिहून ठेवलं का भेव कागदावर राह्यते," म्हनत.

अन् हे. भित्तीकडे तोंड.

मंग एक पोरगी आली, हातात फॉर्म.
मागल्या सात दिवसांत
थकल्यासारखं वाटलं का? उदास वाटलं का?
कोनाशी बोलावंसं वाटलं का?
अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप.
चार चौकोन, ज्यात एक मानूस बसवाचा.
डोमाजीनं सारं दुखनं 'अजिबात नाही'त टाकलं
अन् पोरीले बिस्कीट देल्लं.
जोत्स्नाबाईनं समासात तारखा लिहिल्या.
याईनं फॉर्म चुरगायला.
पोरगी रागावली नाही. दुसरा स्टुलावर ठेवून गेली.

त्या रात्री
याईनं खांद्यावरचा दुपट्टा माह्या हातावर टाकला.
मले वाटलं, थंडी वाजते.
खाली बोटं आली. दाबलं.
एक, दोन, तीन...
सात.

तीस वर्षं भाकर थापली या मानसाले,
आतला भाव मले पह्यल्यांदा सांगतला.
मी काय दलाल हावो?
तरी घासाघीस केली. पाचावर या.
त्याईनं सहा दाबले. वरून दोन पेरं.
सहा हजार दोनशे.
आमी दोघंही पंख्याकडे पाहून राह्यलो होतो.
उरल्या तोंडाचा कोपरा जरासाक हालला.

डोमाजी पोयाच्या आधी गेला.
शेवटच्या फॉर्मावर बी 'अजिबात नाही'.
जोत्स्नाबाईची तिसरी वही सुरू हाय.
अन् आमच्या घरी तांब्या अजून फेकल्या जाते,
खोटं कावून सांगू.

पन दिवेलागनीले बाज टाकतो, दुपट्टा घेतो.
कितीवर हाय आज?
काल चार होते. आज नऊ.
नवावर मी भाव पाडत नाही,
नुसती बोटं धरून बसतो.

तयहातावर नख एकदाच फिरलं, श्रावनात.
पाऊस नव्हता, गोठ्यात कोनी नव्हतं,
समदे बैल इकलेले.
मी हात सोडला नाही.
मले म्हनलं, सौदा मोडाले
दोघं लागतेत.