बर्च बाहेर टिकत नाही

माझा भाऊ वेइक्को सुतारकाम कधी शिकला नाही.
चाळीस वर्षं त्याने काइनूच्या रस्त्यांवर
बर्फ हटवायचा नांगर चालवला,
म्हणून करवतही तो तशीच धरतो:
पुढे रेटत, मागे न बघता.

ऑक्टोबरच्या वादळात कुंपणावरचं बर्च पडलं.
तेच ते. निम्मी मुळं आमच्याकडे,
निम्मी ताइस्तोच्या बटाट्यांत,
आणि त्यापायी अकरा वर्षांचा अबोला,
इतका मुरलेला, की दुकानात दोघे
पावाच्या एकाच फळीपाशी मुकाट थांबत,
आधी हात कोण घालतो ते बघत.
पडलं तेही कुंपणालाच धरून,
कुणाचीच बाजू न घेता.

त्याच्याच फळ्यांचं पाखरांसाठी खाऊघर.
स्वयंपाकघरात. माझ्या टेबलावर.
आठवडाभर राईच्या पावाला भुसा.
तळाला चार भोकं, पाणी निघून जावं म्हणून,
कडेने बोटभर काठ, वाऱ्याने दाणे उडू नयेत म्हणून.
छप्पर मात्र उलट्या उताराचं झालं:
पहिल्याच बर्फात सगळा ढीग ताटात.
"पाखरांना आइसक्रीम," मी म्हटलं.
तो हसला नाही. रात्री दिवा ओढून घेऊन
सगळे स्क्रू काढले, पुन्हा बसवले.

मग नऊ दिवस कोणीच नाही.
दहाव्या दिवशी खार, पाहुणी नव्हे, मालकीण असल्यासारखी.
आणि तिच्यानंतर करड्या टोपीची एक टिट.
आली, एक बी उचलली, गेली.
आली, उचलली, गेली.
"इथे खातच नाही ही! नेते कुठे?"
वेइक्कोने दुर्बीण उचललीसुद्धा नाही.
"पलीकडे," म्हणाला.

ताइस्तोच्या सरपणात, सालीच्या फटीफटीत,
त्याच्या सॉनाच्या भिंतीतल्या शेवाळात
आमच्या पैशाची सूर्यफुलं.
थांबताही येत नाही. एकदा सवय लावली की
एप्रिलपर्यंत ताट भरावंच लागतं,
पारा उणे तीस असो, कंबर धरलेली असो,
बियांचा पत्ता चुकलेला असो.

फेब्रुवारीत, शब्द तोंडातून निघून
वाटेतच गोठावा अशा एका सकाळी
ताइस्तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला.
हातात लाकडांची टोपली.
मी खिडकीवरचं हिव नखाने खरवडलं,
एक डोळा मावेल इतकंच.
तो वेइक्कोकडे नाही, ताटाकडे बघत बोलला:
"बर्च बाहेर टिकत नाही. कुजतं."

अकरा वर्षांनी, हे.

वेइक्कोने मग शेवटच्या दाण्यापर्यंत ओतला,
काठावरचा बर्फ हातमोज्याने झाडला.
"माहीत आहे. दोन हिवाळे."

बराच वेळ नुसती टिट ये-जा करत होती,
ह्याच्या डोक्यावरून, त्याच्या डोक्यावरून.
"लार्चची फळी आहे माझ्याकडे,"
ताइस्तो म्हणाला, "आखूड आहे. एवढ्याला पुरेल."
आणि टोपली उचलून गेला.
ती लाकडं त्याने कशाला आणली होती
ते मला अजून कळलेलं नाही.

काल रात्री वेइक्को कागद पसरून बसला होता.
छप्पर काढलं होतं, उतार बरोबर होता.
मी विचारलं, "हे कधी करणार?"
"घाई नाही," पेन्सिल कानामागे खोचत तो म्हणाला,
"आधी हे कुजू दे."