अकरा किलो चारशे

चाकणच्या कंपनीत मी गिअरबॉक्सची किंमत काढायचो,
दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत.
आता काशेवाडीत, आत्तारभाईंच्या भंगारच्या गोदामात
वहीत लिहितो: पुठ्ठा, पत्रा, काळं, कडक, मऊ.
काटा थरथरला की आत्तारभाई बोट लावतात,
आणि बहुधा समोरच्याच्या बाजूनं.

त्या वर्षी काय काय आलं इथं.
ऑफिसच्या खुर्च्या, चाकांसकट, कुणी धड न बसलेल्या.
सॅनिटायझरचे कॅन, आतून अजून झोंबणारे.
बँकेच्या काउंटरवरच्या पारदर्शक शीट,
तोंडाएवढ्या उंचीवर श्वासाचे डाग पडलेल्या.
त्या छबुबाई खुडेंनी बाजूला काढल्या.
"ह्याला गिऱ्हाईक हाय." होतं.
भेळेच्या चार गाड्यांना त्याच बसल्यात आता,
माशा बाहेर, कुरमुरे आत.

एकदा एक साहेब आले, लॅपटॉप घेऊन.
भिंतीवर उजेड पाडून त्यांनी गोल दाखवला:
वस्तू, वापर, पुन्हा वस्तू. बाणाला लागून बाण.
महामारीनंतर हाच रस्ता, म्हणाले, चक्राकार.
छबुबाईंनी हात पदराला पुसले, गोल नीट पाहिला.
"आमी कुठं हाय ह्यात?"
साहेबांनी एका बाणावर बोट ठेवलं.
"बाण व्हय," त्या म्हणाल्या,
"मग बाणाला हातमोजं द्या."

पेट बाटलीचा भाव तेव्हा निम्म्यावर आला होता.
हे गोलात नव्हतं.
छबुबाईंचा थोरला, टेंपो चालवणारा,
तोही नव्हता.

मग सातारा रोडवरून सागर भोजनालय आलं.
सगळं नाही, नुसतं नाव.
स्टीलची अक्षरं, गोणीत, एकमेकांत पाय अडकवून.
अकरा किलो चारशे.
मी लिहिलं: स्टील. पुढं भाव.

आठवड्यानं दिगंबर येनपुरे आला,
त्याच भोजनालयात सतरा वर्षं वाढपी.
थकलेल्या पगाराच्या बदल्यात
मालकानं साडेतीनशे ताटं दिली होती,
वाट्या मोजल्या नव्हत्या कुणी.
आता तो ती भाड्यानं देतो, थर्माकोलच्या भावात.
पहिली ऑर्डर दहाव्याची. दुसरी बारशाची.
ताटं तीच, मध्ये एक रात्र राख आणि चिंच.

त्याला पाटी हवी होती. पैसे तीन अक्षरांचे.
गोणी फरशीवर पालथी केली,
उकिडवा बसून बराच वेळ जुळवत राहिला,
आणि ग, र, ज उचलले.
गरज.
"गरजवंताला अक्कल नसते रे," मी म्हटलं, उगाच.
"नसू दे," तो म्हणाला. "ताटं हायेत."
तीन किलो आठशे. आत्तारभाईंनी बोट लावलं,
साडेतीन धरले.

वहीत याला रकाना नाही.
आलेला माल असतो, गेलेला माल असतो,
आलेलं नाव नि गेलेलं नाव कुठं लिहायचं.
समासात लिहून ठेवलंय, पेन्सिलनं.

उरलेल्या अक्षरांशी छबुबाईंची नात खेळते.
पहिली, दुसरी मोबाईलवरच गेली तिची,
तोही शेजाऱ्यांचा. बाराखडी इथं चाललीय, वजनदार.
काल तिनं शेवटची दोन जवळ सरकवली,
बोट ठेवून मोठ्यानं वाचलं,
"लय."
"लय काय?" छबुबाईंनी विचारलं, हात न थांबवता.
पोरगी गोणीत डोकावली.
"पुढलं अजून आलं नाय."