वाकड्या लाकडाचा हिशेब

कोल्हापुराला समुद्र नाही.
रंकाळ्यावर लाटा उठतात त्या वाऱ्याच्या,
आणि पंचगंगा श्रावणात दारात येते
ती भरती नव्हे, तिला ओहोटीची घाई नसते.
तरी दफ्तरखान्यात, मागच्या फडताळात,
लाल बासनात बांधलेली एक गोदी आहे.

मी मोडी वाचते. पगार त्याचाच.
गाठ सोडली की आधी वास येतो
वेखंडाचा, जुन्या खळीचा,
आणि कधी कधी, भास म्हणा हवं तर,
उंडीच्या तेलाचा.

‘बाबल मेस्त्री, रोजमुरा दरमहा रुपये पाच.
कलफतीस कापूस मण तीन. राळ मण दीड.
खिळे मोजून घेतले, मोजून दिले.
नारळ एक, पठाण मांडते दिवशी.’

नारळ कुणी खाल्ला ते लिहिलेलं नाही.
गुराबेचं नावही नाही.
नाव पाण्यात उतरल्यावर ठेवायचं,
तोवर कागदात ती नुसती ‘नवे काम’.

समुद्र घाटाखाली, रान घाटावर,
आणि राजा त्याहून आत, इथे,
जिथे खारा वारा पोचेपर्यंत गोड होऊन जातो.
त्यानं आपलं आरमार कधी पाहिलं होतं का?
शिक्का मात्र प्रत्येक कागदावर आहे,
थोडा तिरका.

बावड्याच्या रानात मेस्त्री स्वतः यायचा,
ओल्या चुन्यानं झाडांवर खूण करायला.
सरळ सागाकडे बघायचा नाही तो.
सरळ ते देवळाला, चावडीला, ज्याला लागेल त्याला.
त्याला हवं वाऱ्यानं लहानपणीच वाकवलेलं,
कड्याशी हुज्जत घालत वाढलेलं,
ज्याच्या अंगातच बरगडीचा बाक आहे असं.
‘वाकडे नग एकतीस पसंत केले,’ हे त्याचं अक्षर नव्हे,
त्याची निशाणी खाली आहे: एक पटाशी.

घाट उतरायला बैल चाळीस.
‘पैकी दोन मयत, भरपाई बाकी.’
ती बाकी पुढच्या पानावर येते,
त्याच्या पुढच्या पानावर येते,
मग तह येतो.

तह दुसऱ्या बासनात आहे, सुंदर कागदावर.
बंदर गेलं, किल्ला गेला,
आणि माझ्या या कळकट गठ्ठ्यात
शेवटची एकच ओळ उरली:
‘लाकूड जेथे आहे तेथे ठेवावे.’

एकतीस झाडं, अर्ध्या घाटात, तासलेली.

मला झोप लागेना, म्हणून उचगावला गेले,
जिथे दस्तगीर मेस्त्री ट्रकच्या बॉड्या बांधतात.
त्यांना ओळ वाचून दाखवली.
त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली.

“वाकडं तासल्यालं लाकूड, बाई,
त्येचं दुसरं काय बी हुईत न्हाई.
दार न्हाई, खाट न्हाई.
चुलीत घालायचं म्हटलं तरी तेल धरल्यालं, धूर करतंय.
ते फक्त ज्येच्यासाठी तासलं त्येचंच.”

मग फळीवर हात फिरवत म्हणाले,
“त्या मेस्त्रीचं राह्यलेलं पैसं दिलं का वो कुणी?”

मी पुढे पान नाही म्हणाले.
ते बराच वेळ फळीच्या टोकाकडे बघत राहिले,
जशी ती कुठेतरी वळायला हवी होती.

त्यांचा नवा ट्रक संध्याकाळी निघाला,
रिकामा, जांभा चिरा आणायला, कोकणात.
रंग ओला होता. फाळक्यावर निळी लाट,
पोरानं काढलेली, समुद्र न पाहता.
गगनबावड्याच्या वळणांवर
त्याचा उजेड झाडाझुडपांत काय काय चाचपत गेला असेल.

सकाळी मी नोंदवही उघडली.
रकाना पहिला: विषय. गोदीकडील लाकूड.
दुसरा: नग एकतीस.
तिसऱ्यात ‘गहाळ’ लिहायचा रिवाज आहे.
लिहिलं नाही.
साहेब विचारतील तेव्हा बघू.
शेरा: वाटेत.