नासपती

वागळे इस्टेटमध्ये, स्क्रूच्या कारखान्यावर
आमचा डबिंगचा स्टुडिओ.
खाली लेथ सुरू झाली की वर टेक बंद.
माझं काम परक्या तोंडांत मराठी बसवायचं.
ओठ मिटले तर प, ब, म.
उघडे राहिले तर आ.

या महिन्यात एक चिनी मुलगी आहे.
चिनी म्हणजे, दूरच्या गोऱ्या माणसांनी
संगणकावर काढलेली.
डोळे तिरपे, कंबर मुठीत मावणारी,
मागे कंदील, बांबू, धुकं
आणि आग ओकणारा ड्रॅगन.
ती पूर्वजांच्या पाट्यांसमोर ओरडते,
"तुमचं काही नको मला! मी फक्त माझी!"
शेवटी तोंड सताड उघडं.
माझी बसत नाही.
माझा बसला असता.

त्याच आठवड्यात दाढ ठणकली.
नौपाड्यात डॉक्टर लिऊ.
आजोबा कुठल्याशा चिनी गावातून कलकत्त्याला आले,
वडील कलकत्त्याहून इथे,
आणि हा कुठूनच आलेला नाही.
"आ करा. अजून. काय चावता काय तुम्ही, खडे?"
सुई टोचली. अर्धा जबडा परका झाला.
शब्द पुरवणारी मी, तोंड उघडं, शब्द नाही.
मग फोन काढून प्रसंगच दाखवला.

"आग?" तो म्हणाला. "आमचा पाण्यातला असतो हो.
मासुंद्यात सोडला तर सुखानं राहील."
"आणि ही पाट्यांवर ओरडते?
माझे पप्पा त्यांच्यापुढे खोकतसुद्धा नाहीत."
मला सांगायचं होतं, आमच्याकडेही
कावळा शिवेपर्यंत जेवण निवत ठेवतात.
तोंडात कापूस होता.

मग निरोप आला. व्हायोलिन.
आई नासपती कापते,
अर्धी लेकीला, अर्धी स्वतःला.
डॉक्टरांचं हसू थांबलं.
"हे नाही करत.
नासपती वाटणं आणि ताटातूट,
आमच्यात दोन्हींचा उच्चार एकच.
पप्पा देतात तर अख्खी देतात."
मी टाइप केलं, मग आई काय म्हणेल?
तो बराच वेळ ड्रिल हातात धरून उभा.
"काही नाही. जेवलीस का, विचारेल.
ती हो म्हणेल. खोटंच."

मूळ आई तीनदा म्हणते, माझं तुझ्यावर प्रेम आहे.
माझ्या आईनं हे एकदाही म्हटलेलं नाही.
ती रिक्षाचे सुटे पैसे
मुठीत कोंबायची.

चित्र माझ्या हातात नाही.
आग तशीच राहिली, कंबरही.
पण जाते मी होतं तिथे
येते लिहिलं.
तीन प्रेमांच्या जागी
जेवलीस ना,
शाल घेतलीस ना,
पोचलीस की कळव.
(त्या काळात कसं कळवणार, कोण जाणे.)
राहिलं फळ.
हिरवट-पिवळं, खाली जाड, वर निमुळतं.
ओठ आधी मिटतात, मग उघडतात.
लिहिलं, पेरू घे.

"चीनमध्ये पेरू?" माइकपाशी कुंदा पाठारे.
"असतील."
घे वर नेमकी लेथ सुरू झाली.
दुसरा टेक.

मला कळतं,
त्यांनी काढलेला चीन चुकला,
मी बोलवलेला ठाण्याचा झाला.
त्या मुलीला कुणी विचारलंच नाही.
पण निदान माझ्या भाषेत
कुणी नासपती वाटली नाही.

दाढेवर टोपी बसवायला गेले, तेव्हा सांगितलं.
"पेरू!" डॉक्टर खोखो हसले.
"बी अडकते फटीत. माझाच धंदा."
आतून त्यांचे वडील आले, चपला फरफटत.
काही बोलले नाहीत.
हातात धुतलेली एक नासपती. अख्खी.

येते, म्हटलं मी.

गावदेवीपासून रिक्षात
एकटीनं खाल्ली,
उजव्या बाजूनं.